जुनी प्रत कोणाकडे आहे?

फोनमधलं नोट्सचं ॲप उघडा आणि त्यातली सगळ्यात जुनी नोंद शोधा. वर्ष बघा. २०१६? २०१९? हे सोपं झालं. आता दुसरा प्रश्न. त्या दिवसापासून आजपर्यंत तुम्ही एकूण किती नोंदी केल्या होत्या, आणि त्यातल्या आज किती जागेवर आहेत?

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जवळपास कोणालाच देता येत नाही. जे आहे त्याची यादी ॲप दाखवतं, पण जे होतं त्याची यादी कुठेच नसते. पाकीट हरवलं की खिसा हलका लागतो. नोंद हरवली की काहीच लागत नाही. कळतं ते दोन वर्षांनी, प्रबंधाचं एखादं प्रकरण लिहायला बसल्यावर. "हे मी कुठेतरी लिहून ठेवलं होतं" इतकंच तेव्हा आठवतं.

माझं संशोधन डिजिटल मजकूर टिकवण्याबद्दल आहे, त्यामुळे या ब्लॉगवर एरवी चेकसम, फाइल फॉरमॅट, हार्ड डिस्कचं आयुष्य असे विषय असतात. आज थोडा इतिहास. कारण टिपणं कशी हरवतात आणि कशी परत मिळतात, याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण संगणकाच्या जगातलं नाही. ते आपल्या वर्धा जिल्ह्यातून सुरू होतं.

आधी एक साधी वर्गवारी करून घेऊ. नोंद हरवण्याचे ढोबळ प्रकार तीन. एक, मुळात एकच प्रत होती आणि ती गेली. दोन, प्रत आहे, पण दुसऱ्याच नोंदीशी गल्लत होऊन ती भलत्या ठिकाणी जाऊन पडली. तीन, नव्या प्रतीने जुनीला गुपचूप झाकून टाकलं. बॅकअप म्हटलं की आपल्या डोक्यात फक्त पहिला प्रकार असतो. तिसऱ्याचा विचार फारसा कोणी करत नाही, आणि खरा घोळ तोच करतो. तिन्ही प्रकार एकेक करून बघू. सुरुवात दुसऱ्यापासून करतो, कारण तो सगळ्यात गमतीचा आहे.

सेगाव की शेगाव?

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगाव नावाच्या लहानशा खेड्यात राहायला गेले. त्याआधी त्यांचा मुक्काम वर्धा शहरात मगनवाडीत होता. जमनालाल बजाजांनी दिलेल्या या जागेत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम चालायचं. गांधीजी सेगावला गेले तरी त्यांचे सचिव महादेवभाई देसाई सुरुवातीला मगनवाडीतच राहत होते. टपाल घ्यायचं, सेगावला पायी जायचं, तिथे दिवसभर काम करायचं आणि पुन्हा पायी परतायचं. जाऊन-येऊन सुमारे ११ मैल. वर्ध्याचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना यावर वेगळं काही सांगायला नको.

एवढा आटापिटा कशासाठी, तर कागदांसाठी. देशभरातून आणि देशाबाहेरून रोज पत्रं यायची, त्यांना उत्तरं जायची, 'हरिजन' साप्ताहिकाचा मजकूर जायचा. गांधीजी काटकसरीने आलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवरही लिहीत. सोमवारी मौन, म्हणजे त्या दिवशी बोलायचं ते सगळं चिठ्ठ्यांवर. आजच्या भाषेत सांगायचं तर रोज शेकडो नोंदी तयार करणारी ही एक यंत्रणाच होती, आणि ती विजेशिवाय एका खेड्यातून चालत होती.

आता अडचण बघा. नागपूर-भुसावळ रेल्वेमार्गावर बुलढाणा जिल्ह्यात शेगाव आहे. गजानन महाराजांचं शेगाव, तेव्हाही प्रसिद्ध. सेगाव आणि शेगाव. घाईत लिहिलेल्या पत्त्यात, त्यातही रोमन लिपीत, दोन्हींत फरक तो किती राहणार? वर्ध्याची पत्रं शेगावला जाऊ लागली. १९४० मध्ये गांधीजींच्या गावाचं नाव बदलून सेवाग्राम झालं, त्यामागे सेवेची कल्पना होतीच, पण टपालाचा हा गोंधळ हेही सरळ व्यावहारिक कारण होतं.

माहितीशास्त्रात याला ओळखखुणेची टक्कर म्हणता येईल. दोन वेगळ्या वस्तूंना जवळपास एकच नाव असलं की एक दुसरीच्या जागी जाते. तुमच्या लॅपटॉपवर 'मुलाखत १' नावाच्या किती फाइल आहेत, शोधून बघा. दोन वेगळ्या फोल्डरमधल्या अशा फाइल एकत्र करायला गेलात की संगणक विचारतो, "आधीच्या जागी ही ठेवू का?" आणि आपण घाईत 'हो' दाबतो. तिथे एक मुलाखत कायमची संपली. सेवाग्रामचा उपाय आजही तोच आहे: नाव बदला. '२०२४-०३-११_पवनार_मुलाखत' अशा नावाची फाइल दुसऱ्या कोणाच्या घरी जाऊन पडत नाही.

एक वर्ष, दोन तुरुंग, दोन वह्या

आता पहिला प्रकार, म्हणजे एकच प्रत. यासाठी चार वर्षं मागे, १९३२ मध्ये जावं लागेल. सविनय कायदेभंगाच्या चळवळीचा तो काळ, आणि वर्ध्याच्या आश्रमाचे विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी गीतेवर बोलायला सुरुवात केली. पहिलं प्रवचन २१ फेब्रुवारी १९३२ चं, शेवटचं १९ जूनचं. कॅलेंडर काढून मोजलं तर बरोबर अठरा रविवार भरतात, एकही खाडा नाही. अठरा अध्याय, अठरा रविवार.

बोलणारे विनोबा होते, पण आपल्यापर्यंत ते पोचलं साने गुरुजींमुळे. तेही त्याच तुरुंगात होते आणि प्रवचन चालू असताना भराभर लिहून घेत होते. ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती. दुसरी प्रत नव्हती. कैद्याच्या हातातली वही म्हणजे झडतीत गेली तर गेली. 'गीता प्रवचने' हे पुस्तक पुढे अनेक भारतीय भाषांत गेलं, आज ते सहज विकत मिळतं. पण १९३२ च्या उन्हाळ्यात ते सगळं एका माणसाच्या हस्ताक्षरात होतं.

याच सुमाराला, मार्च १९३२ पासून, पुण्याच्या येरवडा तुरुंगात महादेवभाई गांधीजींबरोबर होते आणि रोज डायरी लिहीत होते. ही सवय त्यांना नोव्हेंबर १९१७ पासूनची. ती १९४२ पर्यंत सुटली नाही. १५ ऑगस्ट १९४२ रोजी आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत असतानाच त्यांचं निधन झालं. त्यांच्या डायरीचे खंड गुजरातीत छापून यायला सुरुवात झाली ती १९४८ मध्ये, नरहरी परीख यांच्या संपादनाखाली, आणि पहिला खंड आला तो याच १९३२ च्या येरवड्याचा. म्हणजे सोळा वर्षं ते लेखन वहीतच होतं, आणि लिहिणाऱ्याला जाऊनही सहा वर्षं झाली होती.

या दोन वह्या टिकल्या, म्हणून आपण त्यांच्याबद्दल बोलतोय. त्या टिकण्यामागे दोन गोष्टी दिसतात. एक तर बोलणारा आणि लिहिणारा वेगळा होता, त्यामुळे बोलणाऱ्याने स्वतः काही ठेवलं नाही तरी मजकूर उरला. विनोबांच्या बाबतीत हे फारच खरं आहे. तरुणपणी ते कविता करायचे आणि अग्नीला अर्पण करायचे. काशीला असताना गंगेला अर्पण करायचे. स्वतःच्या शाळा-कॉलेजचे दाखलेही त्यांनी चुलीत घातले होते. हे हरवणं नव्हे, ते जाणूनबुजून पुसणं होतं, आणि लिहिणाऱ्याला तो हक्क असतोच. पण ज्याच्याकडे पुसण्याचा हक्क आणि एकमेव प्रत दोन्ही आहे, त्याच्या मागे काही उरेल याची खात्री नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे पुढच्या माणसाने त्या वह्यांचं काहीतरी केलं. त्या वाचल्या, लावल्या, छापल्या. कपाटात बंद असलेली आणि कोणीच न उघडणारी प्रत ही बॅकअपच्या हिशेबात धरता येत नाही, कारण ती वाचता येते की नाही हेच कोणाला माहीत नसतं.

जाता जाता याच विनोबांच्या दुसऱ्या मजकुराबद्दल. गीतेचा त्यांनी केलेला समश्लोकी मराठी अनुवाद, 'गीताई', १९३०-३१ मध्ये वर्ध्यात पूर्ण झाला. वर्ध्याला गोपुरीत गीताई मंदिर आहे, १९८० साली उभं राहिलेलं. मूर्ती नाही, छप्पर नाही, नुसते उभे दगड आणि त्यांवर कोरलेले अठराही अध्याय. जतनाच्या नजरेने बघितलं तर ही एक टोकाची प्रत आहे. वीज नको, ॲप नको, पासवर्ड नको, आणि नंतर कोणाला त्यात गुपचूप बदल करता येणार नाही. हा शेवटचा गुण लक्षात ठेवा, तिसऱ्या प्रकारात लागणार आहे.

पाठवलेलं पत्र कोणाच्या घरी असतं?

गांधीजी गेल्यावर प्रश्न आला की त्यांनी आयुष्यभर लिहिलेलं, बोललेलं सगळं एकत्र कसं करायचं. १९५६ मध्ये भारत सरकारने हे काम हाती घेतलं. पहिले मुख्य संपादक होते भारतन कुमारप्पा. हे आपल्या ओळखीचे, मगनवाडीत ग्रामोद्योग संघात काम केलेले, अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांचे भाऊ. वर्षभरातच, १९५७ मध्ये, त्यांचं निधन झालं. मग जयरामदास दौलतराम आले, आणि १९६० पासून पुढची दोन दशकं आणि वर काही वर्षं के. स्वामिनाथन यांनी काम सांभाळलं. पहिला खंड १९५८ मध्ये निघाला, शंभरावा १९९४ मध्ये. पन्नास हजारांहून जास्त पानं.

अडचण काय होती, विचार करा. पत्र हा असा मजकूर आहे की जो लिहिणाऱ्याकडे राहतच नाही. सेवाग्रामहून निघालेलं पोस्टकार्ड पाटण्यात, मद्रासमध्ये, लंडनमध्ये कोणाच्या तरी पेटीत असायचं. गांधीजींकडे येणारी पत्रं तर आणखी अनिश्चित. दक्षिण आफ्रिकेतले त्यांचे स्नेही हर्मन कॅलनबाख यांची पत्रं गांधीजींनी नष्ट केली, पण गांधीजींनी त्यांना लिहिलेली पत्रं कॅलनबाखांनी जपली. म्हणून आज त्या संवादाची एकच बाजू आपल्याला वाचता येते. मौनवाराच्या चिठ्ठ्यांचंही तसंच. २ जून १९४७ हा सोमवार होता. फाळणीच्या योजनेवर माउंटबॅटन यांच्याशी गांधीजी 'बोलले' ते वापरलेल्या पाकिटांच्या मागे लिहून. ती पाकिटं आज आहेत, कारण माउंटबॅटननी ती ठेवून घेतली.

थोडक्यात, संपादकांसमोर एक विखुरलेला बॅकअप होता. कोणी आखलेला नव्हता, पण होता. हजारो माणसांनी आपापल्या पेटीत एकेक तुकडा जपला होता. तो गोळा करताना त्यांनी जी शिस्त पाळली, ती मला फार शिकण्यासारखी वाटते.

पहिलं, प्रत्येक नोंदीखाली ती कुठून आली ते लिहिलं. 'एस. एन.' आणि आकडा असेल तर ती साबरमतीच्या संग्रहालयातली. 'जी. एन.' असेल तर दिल्लीच्या गांधी स्मारक निधीच्या संग्रहातली. 'सी. डब्ल्यू.' असेल तर या प्रकल्पाने स्वतः मिळवलेली. मूळ कागद पाहिला की त्याची फोटोप्रत, की कोणीतरी हाताने केलेली नक्कल, हेही नोंदवलं. चार ओळींच्या पोस्टकार्डालाही ही तळटीप आहे.

दुसरं, उशिरा सापडलेली पत्रं जुन्या खंडात घुसडली नाहीत. मुख्य नव्वद खंड छापून झाल्यावरही पत्रं सापडतच होती. त्यांच्यासाठी वेगळे पुरवणी खंड काढले, ९१ ते ९७. त्यामुळे एकाच महिन्याची पत्रं दोन-तीन ठिकाणी विखुरली. वाचणाऱ्याला थोडा त्रास. पण जे एकदा छापलं ते हललं नाही. जगभरातल्या प्रबंधांत 'खंड अमुक, पान तमुक' असे जे हजारो संदर्भ होते, ते सगळे जागेवर राहिले.

तिसरं, ९८ वा खंड विषयसूची, ९९ वा व्यक्तिसूची, १०० वा सगळ्या खंडांच्या प्रस्तावना. काय काय आहे याचा स्वतंत्र हिशेब. सुरुवातीला विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणारी यादी त्यांच्याकडे होती.

नीटनेटकेपणाने केलेला घात

आणि मग तिसरा प्रकार घडला.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस या वाङ्मयाची सुधारित आवृत्ती निघाली, आधी सीडी आणि मग छापील खंड. हेतूत वावगं काही दिसत नव्हतं. पुरवणी खंडांतली पत्रं त्यांच्या तारखेप्रमाणे मूळ ओळीत बसवली, म्हणजे सगळं सलग. दिसायला जास्त सुटसुटीत. शिवाय सीडी, म्हणजे शोध घेणं सोपं. आपणही ॲप बदलताना हेच करतो: सगळं एकदा नीट लावून घेऊ.

पण मधे काही घुसवलं की मागचं सगळं सरकतं. खंडांच्या सीमा बदलल्या, पानांचे आकडे बदलले, जुने संदर्भ निरुपयोगी झाले. प्रस्तावना वगळल्या गेल्या. आणि अभ्यासकांनी जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून नोंदीमागून नोंद तपासली, तेव्हा दिसलं की शेकडो नोंदी नव्या आवृत्तीत नाहीतच. त्रिदीप सुहृद यांनी २००४ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त यावर सविस्तर लिहिलं, इतरांनीही आवाज उठवला. २००५ मध्ये सरकारने ती आवृत्ती मागे घेतली.

इथे क्षणभर थांबून विचार करा. नवी आवृत्ती एकटीच वाचली असती तर काय कळलं असतं? काहीच नाही. पानं पूर्ण होती, तारखा क्रमाने होत्या, कुठे फाटलेलं दिसत नव्हतं. गळलेलं पत्र आपली जागा रिकामी ठेवून जात नाही. तुलना करायला जुनी आवृत्ती ग्रंथालयांच्या कपाटांत होती म्हणूनच गळती दिसली. समजा, नवी आवृत्ती आली त्या दिवशी प्रत्येक ग्रंथालयातली जुनी आपोआप नव्यात बदलली असती तर? छापील पुस्तकाच्या जगात हे अशक्य आहे. आपल्या फोनच्या जगात हे रोज होतं, आणि त्याला आपण 'सिंक' म्हणतो.

पुनर्प्राप्ती कशी झाली तेही बघा. सुधारित आवृत्तीला ठिगळं लावत बसण्यापेक्षा मूळ शंभर खंड प्रमाण मानून त्यांचीच इलेक्ट्रॉनिक आवृत्ती नव्याने तयार केली गेली. गुजरात विद्यापीठातल्या दीना पटेल यांचा या कामात मोठा वाटा. २०१३ मध्ये साबरमती आश्रमाचं 'गांधी हेरिटेज पोर्टल' सुरू झालं, आणि तिथे हे खंड आज कोणालाही पान-पान बघता येतात. हिंदी आणि गुजराती आवृत्त्याही आहेत, म्हणजे एकाच मजकुराकडे पोचायच्या आणखी दोन वाटा. वर्ध्यातला एखादा विद्यार्थी आज सेवाग्रामहून गेलेलं एखादं पत्र जुन्याच खंड-पान क्रमांकाने शोधू शकतो, यामागे ही सगळी खटपट आहे.

पणाला काय लागलं होतं? गांधीजींचे मोठे लेख कुठे ना कुठे मिळालेच असते. ज्या माणसाचं नाव इतिहासात एका चार ओळींच्या पत्रापुरतंच आलं आहे, त्याचं काय? ते पत्र गळलं की तो माणूसच गळतो, आणि कोणी विचारायलाही येत नाही.

आता तुमचं ॲप

हे सगळं आपल्या टिपणांना लावून बघू.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. आता त्याचं कारण स्पष्ट व्हावं. सिंकचं काम सगळीकडे एकच, ताजी प्रत ठेवणं. तुम्ही फोनवर चुकून अर्धी नोंद पुसली की काही सेकंदांत लॅपटॉपवरची अर्धी नोंदही जाते. सिंकने आपलं काम चोख केलेलं असतं. तीन उपकरणं असली तरी प्रत एकच.

ॲपवाले थोडी उसंत देतात, पण ती मोजकी असते. गूगल कीपमध्ये कचऱ्यात टाकलेली नोंद ७ दिवस राहते. नोशनमध्ये साधारणपणे ३० दिवस. ऑब्सिडियनमध्ये फाइल रिकव्हरी नावाची सोय असते, ती मूळ सेटिंगमध्ये थोड्या थोड्या वेळाने प्रत घेते, पण ७ दिवसच ठेवते. संशोधनातली चूक मात्र सात दिवसांत लक्षात येत नाही. सुधारित आवृत्तीतली गळती पुढे यायलाही काही वर्षं लागली होती.

समजा, आत्ता एखादी नोंद गेल्याचं लक्षात आलं. तर क्रम असा ठेवा:

- ॲपमध्ये नवीन काही लिहिणं थांबवा. नोंद फक्त लॅपटॉपवर साठवलेली असेल तर जागा पुन्हा वापरली जाण्याचा धोका असतो.
- ज्या उपकरणावर ॲप काही दिवस उघडलेलं नाही ते शोधा. जुना फोन, घरचा टॅब. आधी त्याचं इंटरनेट बंद करा आणि मगच ॲप उघडा. तिथे जुनी प्रत अजून असू शकते. दिसली की मजकूर बाहेर काढून घ्या.
- कचरापेटी बघा, मग त्या नोंदीचा बदलांचा इतिहास बघा.
- माउंटबॅटनची पाकिटं आठवा. ती नोंद तुम्ही कोणाला पाठवली होती का? मार्गदर्शकांना ईमेल, मित्राला व्हॉट्सॲप, प्रिंट काढलेली झेरॉक्सवाल्याकडची फाइल. पत्र समोरच्याच्या पेटीत सापडतं.

आणि पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून, त्या संपादकांची शिस्त आपल्या मापाने:

- महिन्यातून एकदा सगळ्या नोंदी ॲपबाहेर काढा. नोशन मार्कडाउनमध्ये देतं, कीपचा मजकूर गूगल टेकआउटमधून मिळतो, ऑब्सिडियनच्या फाइल मुळातच साध्या मजकुराच्या असतात. साधा मजकूर कोणत्याही यंत्रावर उघडतो. ॲप बंद पडलं तरी तो वाचता येतो.
- दर महिन्याला नवा फोल्डर, नावात तारीख. जुन्यावर नवा टाकू नका. पुरवणी खंड काढा, जुना खंड हलवू नका. मजकुराला जागा किती लागते? हजारो नोंदी एका छोट्या व्हिडिओपेक्षा कमी जागेत मावतात.
- एक प्रत दुसऱ्या घरात. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक बाहेरगावी, असा एक रुळलेला नियम आहे. वर्ध्यात हॉस्टेलवर राहत असाल तर एक पेनड्राइव्ह गावी आईच्या कपाटात ठेवा. वसतिगृहातली चोरी आणि गावचं पाणी एकाच दिवशी येत नाही.
- यादी ठेवा. दर महिन्याला फोल्डरमध्ये किती फाइल आहेत तो आकडा एका कागदी वहीत लिहा. मागच्या महिन्यात ८१२, या महिन्यात ७९०, तर बावीस कुठे गेल्या ते विचारा. एवढा एक आकडा असला की गळती वर्षांनी न कळता महिन्यात कळते.
- प्रत्येक टिपणाखाली ते कुठून आलं ते लिहा: पुस्तक आणि पान, मुलाखतीची तारीख आणि गाव, फोटो की हाताने उतरवलेलं.
- वर्षातून एकदा बॅकअप खरंच उघडून बघा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. त्यांच्याकडे बॅकअपचे पाच मार्ग होते आणि गरज पडली तेव्हा त्यातला एकही धड चालत नव्हता. अभियंत्याने सुमारे सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत होती, तिच्यावरून सगळं परत उभं केलं. सहा तासांचं काम गेलं. ज्यांचा धंदाच आवृत्त्या जपण्याचा आहे, त्यांची ही गत.

काही जण म्हणतात, आमची टिपणं म्हणजे काही गांधीजींची पत्रं नव्हेत. बरोबर आहे. पण आपल्यापैकी बरेच जण विदर्भातल्या गावांत फिरून म्हाताऱ्या माणसांशी बोलतात. कोणी कापसाच्या जुन्या वाणांबद्दल, कोणी भूदानात मिळालेल्या जमिनीचं पुढे काय झालं याबद्दल, कोणी धाम नदीच्या पुरांबद्दल. त्यातली काही माणसं प्रबंध पूर्ण होईपर्यंत राहत नाहीत. ती गेल्यावर, त्यांनी सांगितलेल्याची जगातली एकमेव प्रत तुमच्या ॲपमध्ये असते. साने गुरुजींच्या वहीसारखीच, दुसरी प्रत नसलेली.

म्हणून एक काम आज रात्रीच करा. सगळ्या नोंदी एकदा बाहेर काढा, फोल्डरला आजची तारीख द्या, फाइल मोजा आणि तो आकडा कागदावर लिहून ठेवा. पहिल्यांदा अर्धा तास लागेल. पुढच्या महिन्यापासून दहा मिनिटं.